आखाजीला विषय ठरवा: खान्देशात कीटकांवर पदवीचं संशोधन करणाऱ्यांसाठी

दरवर्षी जुलै संपता संपता दोन-तीन विद्यार्थी येतात आणि म्हणतात, "मॅडम, कीटकांवर प्रोजेक्ट करायचाय." हौस खरी असते. पण तोवर मेच्या शेवटी ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी फुलावर आलेली असते, पहिल्या फुलांत गुलाबी बोंडअळी शिरलेली असते आणि प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा महिना हातचा गेलेला असतो. सातवं सत्र सुरू व्हायची, समितीची बैठक व्हायची, मार्गदर्शकाची सही मिळायची वाट कीड पाहत नाही. म्हणून सहाव्या सत्राच्या परीक्षेच्या धामधुमीतच, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर असतात त्या सुमारास, तुमचा विषय आणि वावर दोन्ही ठरलेलं हवं. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

आधी नियम पाहून घ्या

प्राणीशास्त्र किंवा कीटकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी वाट अशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून आलं. प्रत्येक महाविद्यालयाला संशोधनाचं चौथं वर्ष चालवता येतंच असं नाही. त्यासाठी विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात. तेव्हा दुसऱ्या वर्षातच विभागप्रमुखांना सरळ विचारा. नसेल तर जवळचं कोणतं महाविद्यालय किंवा जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तुम्हाला घेईल का, याची चौकशी वेळेत होते.

कृषीच्या विद्यार्थ्यांची पदवी मुळातच चार वर्षांची, बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी. त्यांना 'रावे'त, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवात, गावात राहायला मिळतं. ते दिवस कीटकांच्या नोंदींसाठी सोन्यासारखे आहेत, नुसत्या हजेरीच्या सह्यांत घालवू नका.

विषय: एक कीड, एक पीक, एक हंगाम

'जळगाव जिल्ह्यातील कीटकांची विविधता' हा विषय मी कुणालाही घेऊ देत नाही. ऐकायला भारदस्त वाटतो. पण एका पावसाळ्यात दिव्याखाली पांढरी चादर टांगली की शेकडो प्रकारचे किडे येतात, आणि त्यातल्या बहुतेकांची प्रजात ओळखायला त्या कुळाचा जाणकार लागतो. शेवटी प्रबंधात उरतात 'भुंगा १', 'भुंगा २' आणि इंटरनेटवरून उतरवलेली नावं.

त्यापेक्षा तुमच्या शिवारात काय आहे ते बघा. रावेर-यावलकडे असाल तर केळी आहे. खोड पोखरणारा सोंडकिडा आहे, आणि मावा आहे. या माव्यामुळे कुकुंबर मोझॅक विषाणू पसरतो, त्याने होणाऱ्या रोगाला आपले शेतकरी हरण्या म्हणतात. मग प्रश्न असा घ्या: नव्या केळीबागेच्या बांधावर काकडी, भोपळा, टोमॅटो असेल तर हरण्याची झाडं जास्त दिसतात का? नंदुरबारात मिरचीवरचे फुलकिडे आहेत, शहाद्याकडे पपईवरचा पिठ्या ढेकूण आहे. बामणोदच्या भरिताच्या वांग्यावर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आहे. माझा स्वतःचा पदवीचा प्रकल्प तिच्यावरच होता. मक्यावरची लष्करी अळी तर २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता इकडे पोचली. तिच्याबद्दल स्थानिक प्रश्न अजून भरपूर शिल्लक आहेत.

आणि कपाशी. गुलाबी बोंडअळी हा खान्देशाचा हक्काचा विषय आहे असं मी मानते. देशात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळ्यांना मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी २००२ साली मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ साली आलं, आणि तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात या अळीने बोंडंच्या बोंडं फस्त केली. कारणं आपल्या डोळ्यांसमोर आहेत: लवकर लावलेली कपाशी तिला लवकर फुलं देते, फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावरही पीक शेतात राखलं की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिचं पोट चालतं, आणि सरकीत दडून बसलेल्या अळ्या कापसाबरोबर जिनिंगमध्ये पोचतात. यातल्या प्रत्येक दुव्यावर एक छोटा, नेटका प्रश्न तयार होतो. जिनिंगपासून अर्धा, दोन आणि पाच किलोमीटरवरच्या वावरांत सापळ्यातले पतंग वेगळे पडतात का? मे अखेरच्या आणि जूनच्या पावसावर लावलेल्या कपाशीत डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) किती दिवसांच्या फरकाने दिसतात? पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) बांधावर रचलेल्या आणि उपटून नष्ट केलेल्या शेतांत पुढच्या हंगामाची सुरुवात वेगळी होते का?

मोठमोठ्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांकडे उपकरणं आहेत, पण पारोळ्याच्या एखाद्या वावरात सलग २४ आठवडे दर मंगळवारी सकाळी सातला उभं राहणं त्यांना जमत नाही. ते तुम्हाला जमतं, आणि तुमच्या कामाची खरी किंमत त्यातच आहे. म्हणून विषयाची शेवटची कसोटी पायांची: सायकलने किंवा दुचाकीने अर्ध्या तासात वावर गाठता येतं का? एसटीची एकच फेरी असलेल्या गावाचा विषय कितीही चांगला असो, सोडून द्या.

मार्गदर्शक

ज्यांच्या नावापुढे पदव्या जास्त त्यांच्यापेक्षा जे निदान दोनदा तुमच्या वावरात येतील त्यांच्याकडे जा. पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर प्रश्न, पीक, गाव, किती शेतं, दर आठवड्याला काय मोजणार, एवढं लिहून न्या. स्टिरिओ मायक्रोस्कोप वापरायला मिळेल का आणि अळ्या पाळायला एक टेबल मिळेल का, हे त्याच भेटीत विचारा. कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आलात तर फारच चांगलं. धुळ्याला, नंदुरबारला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पालला अशी केंद्रं आहेत. तालुका कृषी कार्यालयात क्रॉपसॅप योजनेतल्या किडींच्या नोंदी असतात. २००९ पासून ही योजना चालू आहे. आपल्या तालुक्याच्या जुन्या नोंदी मिळाल्या तर प्रस्तावना कोरडी राहत नाही.

शेतकऱ्याशी बोलणं

शेतमालकाची परवानगी बांधावर उभं राहून नाही, घरी जाऊन घ्या. काय करणार, किती वेळा येणार, पिकाला हात लावणार का, हिरवी बोंडं तोडणार तर किती, हे आधीच सांगा. दर आठवड्याला २० बोंडं म्हणजे हंगामात त्यांच्या पदरातून किती कापूस जातो, याचा हिशेब त्यांच्यासमोर करा. माणसं नाही म्हणत नाहीत, पण न सांगता तोडलेलं एक बोंडही त्यांच्या लक्षात राहतं.

फवारणीचं तर स्पष्टच बोला. 'माझ्या प्रयोगासाठी फवारू नका' असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, त्यांचं वर्ष त्या पिकावर आहे. फक्त एवढं मागा: कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला, हे फवारणीच्या दिवशीच सांगा. मी घरातल्या कॅलेंडरवर खूण करायला सांगते. ही नोंद नसेल तर आठव्या आठवड्यात किडी अचानक का कमी झाल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि तुम्ही ते पावसाच्या नावावर खपवाल.

फवारलेल्या वावरात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाय ठेवू नका. २०१७ सालीच यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, हे विसरू नका. पूर्ण बाह्यांचे कपडे, घोट्यावरचे बूट, पाण्याची बाटली आणि सोबत एक माणूस. मुलींनी एकटीने अडचणीच्या वावरात जाण्यापेक्षा मैत्रिणीचा प्रकल्प शेजारच्याच शेतात लावावा, मी तसंच करवून घेते.

मोजणी

वावराच्या कडेची दोन-तीन तासं (पिकाच्या ओळी) सोडून आत शिरा, नाहीतर बांधावरच्या किडींचा परिणाम मोजाल. प्रत्येक वावरात २० झाडं, आणि ती डोळ्यांना आवडलेली नकोत. घरीच चिठ्ठ्या काढा: कितवं तास, तासातलं कितवं झाड. रसशोषक किडींसाठी प्रत्येक झाडाचं एक वरचं, एक मधलं, एक खालचं पान हलक्या हाताने उलटून पाहा. सकाळी लवकर गेलं की पांढरी माशी आणि तुडतुडे गारव्याने सुस्त असतात, दहा वाजले की पान हलवताच उडून जातात. मोजताना रूढ आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे किती कीड झाली की फवारणी परवडते तो आकडा, माहीत हवी: तुडतुड्यांची दर पानी २ पिल्लं, फुलकिडे दर पानी १०. तुमचा आकडा शेतकऱ्याच्या निर्णयाशी जोडला जातो तो इथे.

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच बांधा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. ल्यूर (सापळ्यातली मादीच्या गंधाची गोळी) किती दिवसांनी बदलायचं ते पाकिटावर असतं, त्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. या सापळ्यात फक्त नर येतात. त्यामुळे सापळ्यातला आकडा म्हणजे बोंडातल्या अळ्या नव्हेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग ही धोक्याची खूण मानतात, पण तिच्या जोडीला २० हिरवी बोंडं फोडून बघायलाच हवीत. दोन बोंडांत अळी किंवा तिचं छिद्र सापडलं म्हणजे १० टक्के झाले. बोंड बाहेरून धडधाकट दिसतं, आत अळी असते. चाकूने फोडल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही.

एका गोष्टीवर मी दर वर्षी भांडते. एकाच वावरात पाच सापळे लावले म्हणजे पाच पुनरावृत्ती झाल्या असं मुलं समजतात. तसं नाही. ते सगळे एकाच शेतकऱ्याची एकच फवारणी, एकच जमीन, एकच वाण मोजत असतात. पाच वेगळ्या शेतकऱ्यांच्या वावरांत एकेक सापळा लावलात तर ती पाच पुनरावृत्ती. फिरावं जास्त लागतं, पण निष्कर्षाला पाय मिळतात. तसंच एका सापळ्याचे दहा आठवडे म्हणजे दहा सापळे नव्हेत.

हवामानासाठी कमाल-किमान तापमापक स्वतः लावा किंवा महसूल मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी मिळवा. आठवडे मात्र आपल्या मनाने मोजू नका. हवामान खात्याचा प्रमाणित आठवडा १ जानेवारीपासून चालू होतो. २६ वा आठवडा म्हणजे २५ जून ते १ जुलै. त्याच आठवड्यांत किडी लिहिल्या की तापमान, पाऊस, आर्द्रता यांच्याशी सहसंबंध काढताना जुळवाजुळव करावी लागत नाही.

आणि दिवाळी. सुट्टीत वसतिगृह बंद होतं, मुलं घरी जातात, आणि वहीत बरोबर दोन आठवडे कोरे राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बोंडअळीचा ऐन भर. वावर आपल्याच गावचं असेल तर हा प्रश्न येत नाही. नसेल तर त्या दोन मोजण्या कोण करणार ते पोळ्यालाच ठरवा आणि त्या व्यक्तीला दोन मंगळवार आधी सोबत नेऊन शिकवा. तुमच्या आणि तिच्या मोजणीत किती फरक पडतो, तेही एकदा एकाच झाडावर तपासा.

अमळनेरजवळच्या एका वावरात माझी विद्यार्थिनी पानं उलटत बसली होती. बांधावरून एक आजी म्हणाल्या, "काय मोजी ऱ्हायनी वं माय?" तिने सांगितलं. तेव्हा आजींनी शेंड्याची मिटलेली फुलं दाखवली आणि पहिली डोमकळी कोणत्या कोपऱ्यात दिसली तेही सांगितलं, तो कोपरा तिच्या चिठ्ठ्यांत आलाच नव्हता. अशी माहिती मोजणीत घुसवायची नाही, चिठ्ठ्यांची शिस्त मोडेल. पण वहीच्या उजव्या पानावर तारखेसह लिहायची. पुढच्या वर्षीचा प्रश्न तिथून निघतो.

नमुने आणि चिठ्ठी

ज्या किडीवर प्रबंध आहे तिचे काही नमुने जपलेच पाहिजेत, नाहीतर 'तुम्ही मोजलेला किडा तोच होता कशावरून?' याला उत्तर नाही. पतंग टाचणीवर, भुंग्याची टाचणी उजव्या पंखकवचातून. अळ्या सरळ अल्कोहोलमध्ये टाकल्या की काळ्या पडतात; आधी उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. मावा आणि फुलकिडे ७० टक्क्यांत चालतात. लष्करी अळी ओळखायला डोक्यावरचं उलटं वाय अक्षर आणि शेवटाकडच्या एका वलयावर चौकोनात बसलेले चार ठिपके बघा, १० पटीचं भिंग पुरतं.

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक, गोळा करणाऱ्याचं नाव, जमलं तर अक्षांश-रेखांश. ती पेन्सिलने लिहा. मी पहिल्या वर्षी बॉलपेनने लिहून कुपीत टाकल्या होत्या. महिन्याभरात अल्कोहोल निळसर झालं आणि ४० कुप्यांतली एकही चिठ्ठी वाचता येईना. अळ्या तशाच होत्या, पण त्या कोणत्या गावच्या आणि कोणत्या दिवसाच्या ते गेलं. त्या सगळ्या कुप्या मला प्रबंधातून काढाव्या लागल्या.

ओळख पक्की करायची असेल तर पुण्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र, बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था, आणि कपाशीपुरतं नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, यांना मार्गदर्शकाच्या सहीने पत्र लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून सप्टेंबरमध्येच लिहा.

यावल किंवा अनेर धरण अभयारण्यात वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काही फुलपाखरं आणि भुंगे अभयारण्याबाहेरही संरक्षित आहेत. फुलपाखरांवर काम करायचं तर फोटो आणि मोजणीवर करा, जाळी लागतच नाही.

अळ्या पाळायच्या असतील तर

जीवनक्रम किंवा निंबोळी अर्काची चाचणी घेणाऱ्यांसाठीच हे. घाटेअळी आणि लष्करी अळी एकमेकींना खातात. एका डब्यात बारा ठेवल्या तर चार दिवसांनी दोन गुबगुबीत सापडतील. एक अळी, एक कुपी. रोज ताजं खाद्य, रोज विष्ठा साफ. प्रयोगशाळेत तापमान २७ अंशांच्या आसपास ठेवतात, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून पाळायचं काम ऑगस्ट ते डिसेंबर या काळात उरका. मातीच्या माठाशेजारी, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवलेली कुपी बंद पडलेल्या उपकरणापेक्षा बरी टिकते, फक्त तापमान रोज लिहा.

निंबोळी अर्क ५ टक्के म्हणजे ५ किलो निंबोळी भुकटी १०० लिटर पाण्यात. चाचणीत नुसत्या पाण्याची एक तुलना ठेवा. तिथेही काही अळ्या मरतातच, तो मृत्युदर ॲबटच्या १९२५ च्या सूत्राने वजा करतात.

आकडे आणि लिखाण

किडींचे आकडे शून्याकडे झुकलेले असतात. आधी ०.५ मिळवून वर्गमूळ काढा, मग विचरण विश्लेषण (ॲनोव्हा) करा. आर हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मूळ वही मात्र कधी पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नका. चिखलाचा डाग असलेलं पान हाच तुमचा पुरावा आहे. रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढून मार्गदर्शकांना पाठवा.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण साहित्याचा आढावा कुठून तरी उचलून शब्द बदलणं म्हणजे आपल्याच वर्षभराच्या कामाचा अपमान आहे. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेसेज येतील, त्यांना उत्तर देऊ नका. त्यापेक्षा विद्यापीठांच्या 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेत पदवी गटात पोस्टर मांडा. समोर उभे राहणारे परीक्षक जे विचारतात त्याने प्रबंधातली भोकं दिसतात. 'फरक दिसला नाही' हाही निष्कर्ष असतो. तो तोंडी परीक्षेत दबक्या आवाजात नव्हे, खणखणीत सांगा. फक्त किती शेतं, किती आठवडे, किती बोंडं फोडली हे पाठ हवं.

प्रबंध जमा झाला की एक मराठी पान तयार करा. त्या शेतकऱ्याच्या वावराचा आलेख, पतंग कोणत्या आठवड्यात चढले, पहिली डोमकळी कधी, कोणत्या फवारणीनंतर आकडा खरंच उतरला. तक्ते नकोत, ठळक अक्षर हवं. हे पान मार्चच्या आत, पुढच्या वर्षीच्या लागवडीचा आणि फरदडीचा विचार घरात चालू असतानाच, जिथे परवानगी मागितली होती त्याच ओट्यावर जाऊन द्या. आणि त्यांनी त्यावर काय विचारलं ते वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा, पुढच्या आखाजीला विषय शोधत येणाऱ्या मुलीला मी ती वही दाखवणार आहे.